झाकणावरचा माणूस

माझे दाजी शूर आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. त्या शौर्याची भीती वाटणारा मात्र मी एकटाच.

असं म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात, याचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. बघू देत. ते टाकीत उतरत नाहीत, मी उतरतो. रस्त्यावरून ते लांबलचक गोल टँकर जातात ना, तेलाचे, रसायनांचे, कसल्या कसल्या घाणीचे, ते अधूनमधून आतून धुवावे लागतात. त्यासाठी कुणाला तरी आत जावं लागतं. टँकरच्या पाठीवर एक गोल तोंड असतं, त्यावर झाकण. झाकण उघडायचं, खांदे आवळायचे आणि शिडीने खाली उतरायचं. मी मुळातच काडीपैलवान, म्हणून अकरा वर्षांपूर्वी हे काम लागलं ते चिकटलंच. यार्डात सगळे मला उंदीर म्हणतात. मी रागावत नाही, पगार त्याच अंगकाठीचा मिळतो.

आता भीती कसली ते सांगतो. टाकीतली हवा फसवी असते. घाण वास येतोय तोवर एक वेळ ठीक. वास यायचा अचानक थांबला की समजायचं, नाक गेलं आणि पुढचा नंबर आपला. आणि आमच्या धंद्यात माणूस एकटा मरत नाही, जोडीने मरतो. पहिला आत कोसळतो. दुसरा म्हणतो, अरे पडला, आणि उडी टाकतो. तो पहिल्याच्या अंगावर कोसळतो. शेजारच्या यार्डात एकदा तीन जण गेले, तिघं एकाच घरातले. म्हणून आमच्याकडे प्रत्येक टँकरच्या झाकणाशी एक माणूस उभा करतात. आतल्याच्या पाठीला दोर, दोर तिपाईवरच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटाला, विंच झाकणावरच्या माणसाच्या हातात. गळ्यात भोंगा. आतला गप्प झाला की भोंगा वाजवायचा, विंच फिरवायचा, आणि काहीही झालं तरी आत उतरायचं नाही. पाठीला हवेचे सिलिंडर लावलेले बचाववाले येईपर्यंत उभं राहायचं. अख्ख्या नोकरीचं सार काय, तर उतरायचं नाही.

आणि अशा जागी माझ्या ताईला आपला नवरा उभा करायचा होता.

दाजी सतरा वर्षं सैन्यात होते. बंदुकवाल्यांत नव्हे, गाड्या ओढून काढणाऱ्यांत. चिखलात रुतलेला ट्रक, कड्यावर लटकलेली जीप, नदीच्या गाळात बसलेला रणगाडा, जे अडकेल ते साखळ्या आणि विंच लावून बाहेर काढायचं. त्यात एकदा उलटलेल्या पेटत्या ट्रकमध्ये शिरून त्यांनी आतल्या ड्रायव्हरला बाहेर ओढला. त्याचं पदक ताईकडे दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणाऱ्याला आधी पदक दिसतं, मग ताई.

एकोणचाळिसाव्या वर्षी ते घरी आले आणि नोकरी शोधायला लागले. त्यांचा तो थाट बघण्यासारखा होता. दहाची मुलाखत असली की नऊला दारात हजर, तोंड दिसेल असे बूट. बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत, आणि हल्ली कोण कुणाला बसा म्हणतंय? एका कचेरीत पाऊण तास उभे होते, शेवटी झाडूवाल्या बाईंना दया आली आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. समोरचा साहेब त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. तो विचारायचा, अनुभव काय? हे सांगायचे, चाळीस टनांचं वाहन सहा तासांत दलदलीतून काढलंय. साहेब मान डोलवायचा. म्हणायचा, वा, फारच छान, पण आमच्याकडे दलदल नाही.

कम्प्युटर येतो का, इंग्रजी पत्र लिहाल का, गिऱ्हाइकाशी गोड बोलाल का. सगळ्या प्रश्नांचा शेवट एकाच जागी व्हायचा, वॉचमन. एका मोठ्या दुकानाच्या दारात ते दोन आठवडे उभेही राहिले. तिथे आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम ठोकायचा नियम होता. पंधराव्या दिवशी घरी परत. म्हणाले, सलाम माणसाला करतात, काळ्या काचेला नाही. मग एका गोदामात लागले. तिथे हमालांना सकाळी रांगेत उभं करून हजेरी घ्यायला लागले. चौथ्या दिवशी हमाल मालकाला म्हणाले, एक तर हा राहील नाहीतर आम्ही. मालकाला हमाल हवे होते.

मी हसायचो. ताईसुद्धा आधी हसायची. आठव्या महिन्यात तिचं हसू आटलं. एका दुपारी ती माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहून म्हणाली की हे रोज सकाळी बूट पुसून निघतात, मुलाखत आहे म्हणून सांगतात, आणि दिवसभर बस स्टँडच्या बाकावर बसून असतात. शेजारणीने दोनदा बघितलं. घरी आले की न्हाणीघरात जातात, कडी लावतात आणि तासतासभर आतून पाण्याचासुद्धा आवाज येत नाही. ती दाराबाहेर उभी राहते, कान लावून. मग म्हणाली, मला भीती वाटते रे बारक्या, एक दिवस कडी उघडणारच नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिने कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आमच्या यार्डात झाकणावरच्या माणसाची जागा रिकामी आहे हे तिला माझ्याच बायकोकडून कळलं होतं. मी म्हटलं, काहीही सांग, एवढं सांगू नकोस. तिला वाटलं मला त्यांची लाज वाटते. मी समजावून सांगायला लागलो की उलट आहे, ते फार चांगले आहेत, तोच घोटाळा आहे. ते आत येतील गं. तिने माझ्याकडे रोखून बघितलं. तुझ्यासाठी येतील हेच ना, म्हणाली, मग त्यात वाईट काय?

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाकडे शब्द टाकला.

दाजी आले आणि पहिल्या आठवड्यात यार्डाचा रंग पालटला. दोर वेटोळे घालून जागच्या जागी, विंचला वंगण, भोंगा रोज सकाळी वाजवून बघायचा. कामावर यायला जागा मिळाली म्हणून माणूस किती खूश होऊ शकतो हे मी तेव्हा पाहिलं. घरी जाताना बसमध्ये ते गाणं गुणगुणायचे, आणि सूर इतका बेकार की कंडक्टर वळून बघायचा. ताईने मला घरी बोलावून खाऊ घातलं. मी खात होतो, पण मन टाकीतच होतं. कारण मी टाकीत असताना ते वरून दर दोन मिनिटांनी हाक मारायचे, काय मेहुणे, आणि मी ओ द्यायला जरा उशीर केला की टाकीच्या तोंडातला उजेड जायचा. ते आत डोकावलेले असायचे. एक हात शिडीवर.

आमच्या सुरक्षा अधिकारी म्हणजे एक बुटक्या बाई. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्या शिट्टीबाई. नव्या झाकणवाल्याची त्या एकदा परीक्षा घेतात आणि ती कधी हे सांगत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. आज धुतलेला, स्वच्छ हवेचा टँकर आहे, आत जा, दहा मिनिटांनी आडवा पड, गप्प राहा. दाजींना सांगितलंस तर दोघंही घरी. मी नाही सांगितलं. आजही कधी कधी वाटतं सांगायला हवं होतं, पण मला स्वतःलाच बघायचं होतं ना. माझा जीव त्यांच्या हातात होता, तो कसा आहे ते मला कळायला हवं होतं.

मी आडवा पडलो. वरून हाक आली, मेहुणे. मग मोठ्याने. तिसरी हाक अर्धीच आली आणि बूट शिडीवर वाजले. मी मनात आकडे म्हणत होतो, अकरापर्यंत आलो होतो. त्यांनी मला काखेत धरून उचललं तेव्हा ते तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. मी डोळे उघडले. त्यांना बघून मला रडू फुटेल असं वाटलं. कुणाला इतकं हवं असणं ही साधी गोष्ट नाही.

बाहेर आलो तर दोन-चार टँकरचे ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. शिट्टीबाईंनी घड्याळात बघितलं.

"दोघंही मेलात," त्या म्हणाल्या. "आणि भोंगा वाजवला नाहीत, म्हणजे मेलात हे आम्हाला जेवणाच्या सुट्टीत कळलं असतं."

दाजींनी टाचा जुळवल्या आणि हो म्हणाले. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

त्या त्यांना तिथल्या तिथे काढणार होत्या. मी हातापाया पडलो. सतरा वर्षांची सवय तीन आठवड्यांत कशी जाईल, मी शिकवतो, माझीच मान त्यात आहे, दुसऱ्या कुणाची नाही. शेवटचं वाक्य त्यांना पटलं असावं. तीन महिने पुरे होईपर्यंत मुदत दिली.

मग रोज काम सुटल्यावर आमची शाळा. मी रिकाम्या टाकीत शिरायचो आणि गप्प व्हायचो. त्यांनी भोंगा वाजवायचा, विंच फिरवायचा, जागेवरून हलायचं नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या दिवशी ते पुन्हा उतरले. दुसऱ्या दिवशी शिडीवर पाय टाकून थांबले. तिसऱ्या दिवशी थांबले खरे, पण मी वर येऊन बघतो तर शर्ट पाठीला चिकटलेला आणि उजवा पाय शिवणाच्या मशीनवर असावा तसा हलतोय. मी खेकसलो. अहो, बॉम्ब आहे का मी? ते म्हणाले, बॉम्ब परवडला.

शेवटी त्यांनीच एक तोड काढली. टँकरच्या पाठीवर उभं राहताना कंबरेचा पट्टा कठड्याला अडकवायचाच असतो, खाली पडू नये म्हणून. दाजींनी तो इतका आखूड केला की वाकलं तरी टाकीच्या तोंडात डोकं जाणार नाही. वर कडीला तार गुंडाळली. सोडायचा म्हटला तर चांगलं अर्धं मिनिट जाईल. स्वतःला असं गुरासारखं बांधून घेऊन ते उभे राहायला लागले आणि त्यांना जमायला लागलं. मलाही जरा झोप यायला लागली.

त्या सुमाराला एकदा हात धुताना मी सहज म्हटलं, दाजी, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही, तोच तर वांधा आहे. त्यांनी साबण खाली ठेवला.

"आत जायला नाही वाटत रे," ते म्हणाले. "बाहेर उभं राहायला वाटते. लोकांना वाटतं मी धावून जातो. मी पळून जातो, आत."

मी थट्टेवारी नेलं. ते हसले नाहीत.

तीन महिने पुरे व्हायला नऊ दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला एक टँकर आला, कुठल्या तरी कारखान्याच्या चरबीच्या गाळाचा. महिनाभर झाकण लावून उन्हात उभा होता. वायू मोजायचं यंत्र दोरीने आत सोडून बघितलं, हवा ठीक. पंपवाल्याने पंखा लावून तासभर आत वारा मारला, पुन्हा बघितलं, ठीक. मी उतरलो. अशा टँकरच्या पोटात मध्येमध्ये आडवे पत्रे असतात, गाळ डचमळू नये म्हणून, आणि पत्र्याला माणूस वाकून जाईल एवढं एक भगदाड. पहिल्या पत्र्यापलीकडे गाळ गुडघाभर साचला होता, वर टणक साय धरलेली. मी खरवडणी मारली. साय फुटली आणि खालचं सगळं बुडबुड करत उठलं.

छातीवर लावलेलं वायू मोजायचं छोटं यंत्र किंचाळायला लागलं. मी श्वास धरला, वळलो, भगदाडात डोकं घातलं. घाण वास आला आणि मग आलाच नाही. एवढं मात्र मला कळलं, की आता वास येत नाहीये. गुडघे गेले. मी भगदाडात अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे असा पडलो, तोंड वर. डोळे उघडे होते. हात सांगितलेलं ऐकत नव्हते.

वर टाकीचं तोंड दिसत होतं, उजेडाची एक गोल चकती. भोंगा ऐकू आला, लांबून, पाण्यातून यावा तसा. मनात म्हटलं, शाब्बास. पाठीला हिसका बसला, दोर ताणला गेला, पण माझ्या कंबरेच्या पट्ट्याची कडी पत्र्याच्या धारेला अडकली आणि मी हललो नाही. पुन्हा हिसका. पुन्हा तेच. मग चकती काळी झाली.

त्यांचं डोकं होतं. मग एक खांदा. म्हणजे तार सोडली, पट्टा सोडला. मला ओरडायचं होतं, येऊ नका. दोन महिने मी दुसरं काय शिकवलं होतं? तोंडातून काही निघालं नाही. ते माझ्याकडे बघत होते, श्वास धरून, गाल फुगलेले. आमच्यात फार तर दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर असेल. माझी नजर त्यांच्या नजरेला भिडली आणि मी बघतच राहिलो.

आणि मग उजेड परत आला. टाकीचं तोंड रिकामं. ते निघून गेले होते.

यानंतरचं मला पंपवाल्याने सांगितलं. डोकं बाहेर काढलं ते दाजी विंचकडे वळले. दोर अडकलेला बघून पंपवाल्याचा धीर सुटला आणि तो स्वतःच आत निघाला. दाजींनी त्याला कॉलरला धरून खाली पाडला, पाठीवर गुडघा दिला आणि तसेच त्याच्यावर बसून विंच उलटा फिरवायला लागले. पंपवाला खालून शिव्या घालतोय, अरे तुझा मेहुणा मरतोय, हलकट, भित्र्या, सोड मला. दाजींनी आधी दोराला ढील दिली. दोर ढिला पडल्यावर मी घसरलो आणि कडी पत्र्यावरून सुटली. मग बोटभर, बोटभर करत दोर गुंडाळला, तिपाई एका हाताने कलती धरून. बचाववाले सिलिंडर लावून शिडी चढले तेव्हा माझं डोकं टाकीच्या तोंडाबाहेर आलं होतं. पंपवाला म्हणाला, तेव्हा कुठे त्यांनी गुडघा काढला, आणि लगेच कठड्यावरून खाली ओकले.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध आली. नाकात नळी, डोळ्यांत वाळू, छातीवर कुणी दगड ठेवावा तसं. ताई उशाशी होती. ती माझ्या कपाळावरून हात फिरवत होती आणि दाजींकडे बघत नव्हती. यार्डातलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं. शूर म्हणे, मेहुणा आत तडफडतोय आणि हा वर उभा. पदकवाला. शिट्टीबाई येऊन तिला म्हणाल्या की हे आत गेले असते तर तुम्ही आज दोन ठिकाणी रडत असता. ताईने मान हलवली. कळणं वेगळं आणि पटणं वेगळं, हे मी तिच्या पाठीवरून ओळखतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती घरी गेली आणि दाजी एकटेच राहिले. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता. दाजी स्टुलावर बसले होते, टोपी गुडघ्यावर, पाठ ताठ. मला वाटलं नोकरीचं विचारतील. शिट्टीबाईंनी त्यांना कायम केल्याचं पत्र सकाळीच दिलं होतं, ते खिशातून डोकावत होतं. त्यांनी त्याला हातही लावला नव्हता.

मग बोलायला लागले. त्या पेटत्या ट्रकच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. नदीत गाडी उलटली होती, आत एक जण अडकलेला, पाणी चढतंय. वरिष्ठांचा हुकूम, कुणी उतरायचं नाही, विंच लावा. दाजी विंचवर. तो आतून हाका मारत होता, दुसऱ्या कुणाला नाही, यांनाच, यांचं नाव घेऊन, कारण दोघं एकाच खोलीत राहायचे. हे उभे राहिले. हुकूम बरोबर होता, जो उतरला असता तोही गेलाच असता, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. विंच पुरला नाही. हाका थांबल्या. ही गोष्ट त्यांनी ताईलासुद्धा कधी सांगितली नव्हती.

"तो काय म्हणाला असेल मनात, ते मला कधी कळलं नाही," ते म्हणाले. "त्याला विचारता येत नाही. तुला येतं. मी डोकं बाहेर काढलं, तेव्हा तू बघत होतास. तुला काय वाटलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. सतरा वर्षं, चाळीस टन, पदक, सगळं बाजूला पडलं होतं आणि एक घाबरलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. माझ्या उत्तराची इतकी भीती आजवर कुणाला वाटली नव्हती.

काय वाटलं ते मला स्वच्छ आठवत होतं. उजेड परत आला आणि मला वाटलं, गेला. मला टाकून गेला. जे करायला मी दोन महिने शिकवलं तेच त्यांनी केलं, आणि तळाशी पडल्या पडल्या मी त्यांचा असा द्वेष केला की तसा मी जन्मात कुणाचा केला नाही. मला ते आत हवे होते. मेलो असतो दोघंही, तरी हवे होते. एकटं नको होतं.

"हायसं वाटलं, दाजी," मी म्हटलं. "म्हटलं, सुटलो. आता हे मला काढणार."

ते बघत राहिले. मी नजर हलवली नाही. नळीमुळे घसा दुखत होता, पण आवाज बरा निघाला.

"त्यालाही तसंच वाटलं असेल?"

"हो," मी म्हटलं. "तसंच वाटलं असणार."

त्यांनी टोपी तोंडावर धरली आणि ते रडले. आवाज बाहेर पडू नये म्हणून किती धडपडले, तरी शेजारचा म्हातारा जागा झाला. नर्स आली, माझ्याकडे बघून परत गेली. रडून झाल्यावर ते पाणी प्यायले, त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं, आणि विचारलं, उद्या सकाळची पाळी आहे, जाऊ ना? मी म्हटलं, जा.

त्याला आता दीड वर्ष झालं. दाजी झाकणावर असतात, मी आत. कंबरेचा पट्टा आता सगळ्यांसारखा लांब आहे आणि कडीला तार नाही. ताई त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलते. वरून हाक येते, काय मेहुणे, आणि मी लगेच ओ देतो. कधी ते आपणहून तो विषय काढतात, पुन्हा सांग ना, काय वाटलं होतं, आणि मी पुन्हा सांगतो, शब्दाला शब्द लावून, कारण एक जरी शब्द हलला आणि त्यांना खरं कळलं, तर पुढच्या वेळी ते आत येतील.